समोरासमोरची दोन घरे

तमिळ चित्रपट म्हटला की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर बहुधा हिंदीत डब केलेली मारधाड येते. नायक एका ठोशात दहा माणसे उडवितो आणि आपण समजतो की तमिळ पडदा म्हणजे एवढेच. वस्तुस्थिती तशी नाही. 2004 ते 2009 या पाच-सहा वर्षांत खेड्यांतले आणि लहान गावांतले जगणे जसेच्या तसे मांडणारी दिग्दर्शकांची एक पिढीच तमिळमध्ये पुढे आली. बालाजी शक्तिवेल यांचा ‘कादल’ (2004), वसंतबालन यांचा ‘वेयिल’ (2006), अमीर यांचा ‘परुत्तिवीरन’ (2007), शशिकुमार यांचा ‘सुब्रमण्यपुरम’ (2008) ही त्यातली ठळक नावे. चेन्नईचे स्टुडिओ सोडून हे चित्रपट दक्षिण तमिळनाडूच्या धुळीत उतरले आणि तिथल्या माणसांची बोली त्यांनी तशीच ठेवली. परंतु या चित्रपटांत रक्त फार सांडते. प्रेम, सूड आणि विश्वासघात यांपलीकडे गावात आणखी काही घडते की नाही, असा प्रश्न पडावा इतके.

1 मे 2009 रोजी प्रदर्शित झालेला ‘पसंगा’ या रांगेत वेगळा उठून दिसतो तो यामुळे. ‘पसंगा’ म्हणजे पोरं. पांडिराज या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. निर्माते ‘सुब्रमण्यपुरम’वाले शशिकुमार आणि संगीतही त्याच चित्रपटाचे जेम्स वसंतन यांचे. कथा घडते पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या विराच्चिलै या लहानशा गावात. 2009 च्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या 57 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा मान मिळाला. संवादांचा पुरस्कार पांडिराज यांना, आणि बालकलाकारांचा पुरस्कार जीवा व अन्बू या भूमिका करणाऱ्या श्रीराम आणि किशोर या मुलांना मिळाला. पुरस्कारांची ही यादी आम्ही चित्रपट थोर ठरविण्यासाठी देत नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही मराठी मुलखात ज्याची चर्चा फारशी झाली नाही अशा चित्रपटांपैकी हा एक, एवढेच ध्यानात आणून द्यायचे आहे.

कथा साधी आहे. सहावीच्या वर्गात जीवा नावाचा मुलगा. पक्कडा आणि आणखी एक सवंगडी यांना घेऊन गावभर उच्छाद मांडणारा. त्याचे वडील चोक्कलिंगम त्याच शाळेत शिक्षक. शाळेत अन्बुक्करसु नावाचा नवा मुलगा येतो. हुशार, बोलका, आपल्या नावापुढे आजच आय. ए. एस. लावून मोकळा झालेला. मास्तरांना तो आवडतो, वर्गाला आवडतो, आणि जीवाच्या नात्यातली मनोन्मणीसुद्धा त्याची बाजू घेते. जीवाच्या पोटात दुखू लागते. त्यात दोघांची घरे समोरासमोर. पोरांचे भांडण मोठ्यांच्या उंबरठ्यापर्यंत जाते आणि दोन घरांत तेढ पडते. इकडे अन्बूच्या घरातला तरुण मीनाक्षीसुंदरम आणि जीवाची बहीण शोभिकण्णु यांचे सूत जुळते. शेवटी मोठी माणसे एक होतात, लग्नाची बोलणीही होतात. राहतात फक्त ही दोन पोरे, एकमेकांकडे पाठ करून.

एवढ्याशा कथेत पाहण्यासारखे काय आहे? आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही की दिग्दर्शकाने पोरांच्या वैराला पोरकट मानलेले नाही. आपल्याकडच्या चित्रपटांत मूल दोनच कामांसाठी येते. एक तर गोड दिसून टाळ्या मिळविण्यासाठी, नाही तर आजारी पडून प्रेक्षकांना रडविण्यासाठी. मणिरत्नम यांचा ‘अंजली’ (1990) हा फार गाजलेला तमिळ चित्रपट. त्यातल्या मुलांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळविले आणि त्यांचे काम सुंदर आहे यात शंका नाही. पण ती चेन्नईच्या एका वसाहतीतली, नाचणारी-गाणारी मुले आहेत आणि पुष्कळदा मोठ्यांसारखी बोलतात. ‘पसंगा’मधली पोरे अंगावर मळ असलेली आहेत. ती एकमेकांना टोचून बोलतात, डाव रचतात, चहाडी करतात, आणि या सगळ्यात त्यांचा जीव गुंतलेला असतो. अन्बू नसलेल्या मोटारसायकलला कीक मारतो, तोंडाने घरघर आवाज काढतो आणि दोन्ही हात पुढे धरून गल्लीतून सुसाट निघतो. आमच्या शाळेच्या फाटकातून रोज अशा डझनभर मोटारसायकली बाहेर पडतात. ती गाडी खरी नाही हे पोराला ठाऊक असते, पण ती थांबविताना ब्रेक मात्र तो न चुकता दाबतो. हे बारकावे कॅमेऱ्याने टिपले आहेत ते पोरांच्या उंचीवर येऊन.

जीवा खलनायक नाही, हे दुसरे. त्याचा मत्सर कुठून येतो ते पाहा. ज्या शाळेत आपला बाप शिक्षक आहे, त्याच शाळेत शाबासकी मात्र समोरच्या घरातल्या मुलाला मिळते. शिक्षकाच्या मुलाचे हे दुःख बाहेरच्यांना सहसा कळत नाही. बापाने आपल्या मुलाचे कौतुक केले तर तो पक्षपात ठरतो, म्हणून तो करीत नाही. मुलाला मात्र एवढेच दिसते की घरी रागावणारा बाप वर्गात दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. चित्रपट हे भाषणातून सांगत नाही. जीवाचा चेहरा ते सांगतो. श्रीराम या मुलाला पुरस्कार का मिळाला, त्याचे उत्तर आम्हांस तिथे मिळाले.

आता अन्बूचे घर. वर्गात सर्वांचा लाडका असलेल्या या मुलाच्या घरी आईबापांची रोज भांडणे. भांडी आदळतात, शब्द उसळतात, आणि अन्बू व त्याचा धाकटा भाऊ ते पाहत राहतात. म्हणजे ज्याच्या शाळेतल्या सुखावर जीवा जळतो, त्याच्या घरात सुख नाही. आणि ज्याच्या घरात समंजस बाप आहे, तो शाळेत सैरभैर. ही मांडणी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटली. उर्दू शाळांत आम्ही दोन शब्द जोडीने वापरतो, तालीम आणि तरबियत. तालीम म्हणजे शिकविणे. तरबियत म्हणजे वळण, घडण, माणूस करणे. शाळांच्या फलकांवर आणि जलशांतल्या तकरिरींत हे दोन शब्द इतके चिकटून येतात की त्यांच्यातले अंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. तालीम आमच्याकडे, तरबियत पालकांकडे, अशी वाटणी करून दोन्ही पक्ष मोकळे होतात. मूल नापास झाले की पालक शाळेकडे बोट दाखवितात, मुलाने शिवी दिली की शाळा घराकडे. ‘पसंगा’ने हे अंतर मोजून दाखविले आहे. ते एका गल्लीच्या रुंदीएवढे आहे.

आणि चोक्कलिंगम मास्तर ती गल्ली ओलांडतात. आमच्या दृष्टीने चित्रपटाचा प्राण तोच. अन्बूच्या वडिलांशी, वेळ्ळैचामीशी, ते मुलांसंबंधी बोलतात. आवाज न चढविता, उपकाराची भाषा न करता. आईबापांच्या भांडणाचे वळ मुलांच्या मनावर कसे उमटतात, आपण चिडून उच्चारलेले शब्द ती कशी उचलतात, हे ते शेजाऱ्याच्या नात्याने समजावतात. जयप्रकाश या नटाने हा मास्तर असा उभा केला आहे की तो कुठेही आदर्श शिक्षकाचा पुतळा होत नाही. त्याच्या स्वतःच्या घरात जीवासारखा मुलगा आहे, हे तो विसरत नाही, आणि म्हणून त्याच्या सांगण्यात अहंकार नाही.

इथे आम्ही थोडे थांबतो. चोक्कलिंगम मास्तरांना ती गल्ली ओलांडता आली ती कशामुळे? ते त्याच गावात राहतात आणि त्यांचा मुलगा त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतो. पालकांपुढे ते शिक्षक म्हणून जसे बसतात तसे पालक म्हणूनही बसतात. हा दुहेरी अधिकार कोणत्याही प्रशिक्षणातून मिळत नाही. आज आपल्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, अनुदानित मराठी आणि उर्दू शाळांत पाहिले तर किती शिक्षकांची मुले त्याच शाळेत शिकतात? शिक्षक तालुक्याच्या गावी राहतात, मुले इंग्रजी माध्यमाच्या बसने जातात, आणि मास्तर दुचाकीवरून येतात-जातात. यात दोष एकेकट्या माणसाचा नाही. प्रत्येक बाप आपल्या लेकराचे भले पाहतो. परंतु ज्या शाळेवर शिक्षकाचाच भरवसा नाही, त्या शाळेच्या पालकांना तो काय तोंडाने भरवसा देणार? 2015 च्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत, असा निकाल दिला होता. त्या वेळी त्यावर बरेच बोलले गेले, आणि निकाल कागदावर राहिला. न्यायालयाच्या हुकमाने हे होईल असे आम्हांसही वाटत नाही. पण न्यायमूर्तींना जे कायद्याच्या भाषेत म्हणायचे होते ते त्याच्या सहा वर्षे आधी विराच्चिलैच्या एका गल्लीत दाखवून झाले होते.

ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच 2009 साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली आणि तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. विचार उत्तम आहे. पण कायदा पालकाला शाळेत आणून खुर्चीवर बसवितो, रजिस्टरवर त्याची सही घेतो. चोक्कलिंगम उलट दिशेने जातात. ते शाळा उचलून पालकाच्या ओसरीवर नेतात. दिवसाची मजुरी बुडवून सभेला येणे ज्यांना परवडत नाही, त्या पालकांशी काम करणाऱ्या शिक्षकाला या दोन दिशांतला फरक सांगावा लागत नाही.

एवढी स्तुती केल्यावर आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार टाळ्यांची. कोणी चांगले काही केले की त्याला मोकळेपणाने टाळ्या द्याव्यात, हे सूत्र चित्रपटभर फिरत राहते. अध्यापनशास्त्रात याला प्रबलन म्हणतात, बी. एड.च्या पाठ निरीक्षणात त्यासाठी गुणही असतात. सुरुवातीला हे सूत्र सहज येते आणि गोड वाटते. पण शेवटी अन्बूला अपघात होतो, तो बेशुद्ध पडतो, आणि मुलांच्या टाळ्यांनी त्याच्यात पुन्हा प्राण येतो, तेव्हा दिग्दर्शकाचा आपल्या पोरांवरचा विश्वास डळमळला असे वाटते. दोन तास ज्याने पोरांचे वैर इतक्या खरेपणाने वाढविले, त्याला ते मिटविण्यासाठी इस्पितळाची खाट लागावी? सहावीतली पोरे वैर कसे मिटवितात हे आम्ही रोज पाहतो. एखाद्या दिवशी खेळात गडी कमी पडतो, आणि कालचा वैरी संघात घ्यावा लागतो. डबा विसरलेला असतो, आणि समोरून अर्धी पोळी पुढे येते. माफी कोणीच मागत नाही. मोठ्या माणसांपेक्षा हे फार निराळे आहे, आणि ‘पसंगा’सारख्या चित्रपटाने तेच दाखवायला हवे होते. मृत्यूच्या दारातून परत आणल्याशिवाय प्रेक्षक हलणार नाही, हा जुना हिशेब इथे आड आला.

शिवाय टाळी दुधारी असते. अन्बूला मिळालेल्या टाळ्यांनीच तर जीवा पेटला होता. वर्गात एकाला मिळालेली शाबासकी उरलेल्या चाळीस जणांना काय सांगते, हा प्रश्न चित्रपटाने पूर्वार्धात नेमका उभा केला, आणि उत्तरार्धात टाळीलाच दवा ठरवून तो बुजविला.

दुसरी तक्रार मुलींची. शीर्षकच ‘पोरं’ असल्यामुळे मुलगे मध्यभागी असणार हे मान्य. पण मनोन्मणी ही चुणचुणीत मुलगी कोणाच्या बाजूला आहे, एवढ्यापुरतीच कथेत उरते, आणि शोभिकण्णु प्रेमगीतापुरती. तिला स्वतःला काय हवे, हे कळत नाही. हे कोणत्याही जिल्ह्यात खटकले असते. पुदुक्कोट्टैत अधिक खटकते. 1990 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत याच जिल्ह्यात ‘अरिवोळि इयक्कम’ म्हणून साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तिच्यात हजारो ग्रामीण स्त्रियांनी अक्षरांबरोबर सायकल चालविणे शिकून घेतले. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, आणि त्यांच्यात मुस्लिम घरांतल्या स्त्रियाही होत्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेला लेख पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. तेव्हा सायकलवर बसलेल्या तरुणींपैकी कितीतरी जणी 2009 मध्ये सहावीतल्या मुलांच्या माता असतील. तो इतिहास चित्रपटात कुठेच दिसत नाही. अन्बूची काल्पनिक मोटारसायकल गल्लीतून धावते, पण याच मुलखातल्या बायांनी मिळविलेली खरी सायकल दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटली. अन्बूची आई भांडते, रडते, सोसते. तिच्या भांडणामागे काही म्हणणे असेल, हे ऐकायला चित्रपटाला वेळ नाही. समजावणारा पुरुष आणि समजून घेणाराही पुरुष.

तिसरी गोष्ट जातीची. गाव, शाळा, घरे, देवळे सगळे इतके खरे, पण कोणाची जात कोणती हे चित्रपट उघडपणे विचारत नाही. समोरासमोरच्या घरांतल्या मुलामुलीचे लग्न एवढ्या सहजतेने ठरते, यावरून आपण काय ते ओळखावे. चार वर्षांनी आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) आला. त्यातल्या जब्यालाही वर्ग आहे, आवडती मुलगी आहे, मित्र आहे. पण शाळेच्या भिंतीबाहेर त्याची जात डुकराच्या मागे धावत असते. ‘फँड्री’ पाहिलेल्या डोळ्यांनी ‘पसंगा’ पाहिला की त्याची गल्ली फार स्वच्छ वाटू लागते. आम्ही दोन चित्रपटांची तुलना करून एकाला खाली ढकलत नाही. प्रत्येक कथेने सर्व काही सांगावे, असा आग्रह धरणे चूक. मात्र ‘वास्तव’ हा शब्द आपण ज्या सढळ हाताने ‘पसंगा’ला देतो, तो देताना ही मर्यादा सांगितली पाहिजे.

पांडिराज यांनी पुढे 2012 साली ‘मरीना’मध्ये चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर पोट भरणारी मुले दाखविली आणि 2015 साली ‘पसंगा 2’ काढला. हा दुसरा ‘पसंगा’ पहिल्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. गाव जाऊन महानगर आले, सरकारी शाळा जाऊन भरमसाट फीच्या शाळा आल्या. तिथल्या दोन खोडकर मुलांना एकही शाळा सांभाळायला तयार नाही, आणि कथेच्या मध्यभागी आहे मुलांच्या मनाचा डॉक्टर. विराच्चिलैत ज्याला खोड म्हणत होते, त्याला चेन्नईत आजाराचे नाव मिळाले. अतिचंचलतेचा त्रास खरोखर असणारी मुले असतात आणि त्यांना मदत हवीच, हे आम्ही जाणतो. तो चित्रपटही ही मुले वाया गेलेली नाहीत असेच सांगतो. तरी मनात येते की जीवा त्या महागड्या शाळेत असता तर पहिल्या सहामाहीतच त्याच्या हातात दाखला पडला असता. विराच्चिलैच्या शाळेने त्याला ठेवून घेतले, कारण त्या गावात शाळा सर्वांचीच होती. खोडकर मुलगाही गावाचाच होता, त्याला पाठवायचे तरी कुठे?

एवढ्या तक्रारींनंतरही ‘पसंगा’ आम्हांस जवळचा वाटतो, आणि शिक्षक मंडळींनी तो अवश्य पाहावा असे आम्ही सुचवितो. भाषेची अडचण मानू नये; उपशीर्षके आहेत, आणि पहिल्या पंधरा मिनिटांनंतर त्यांचीही गरज फारशी उरत नाही, कारण पोरांची भांडणे सगळीकडे एकाच भाषेत होतात. शक्य असल्यास पालकसभेत त्यातला वेळ्ळैचामी आणि चोक्कलिंगम यांच्या संवादाचा भाग तेवढा दाखवावा आणि मग शिक्षकांनी गप्प बसावे, पालकांना बोलू द्यावे. मातांना आधी. चित्रपटात अन्बूच्या आईला जे बोलायला मिळाले नाही, ते आपल्या सभेत कोणाला तरी बोलता येईल. सभेला जे आले नाहीत त्यांची घरे हजेरीपटावरच्या पत्त्यावर असतात. बहुतेक घरे शाळेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत.